ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार: गोल गोळी आणि दारूचं माप ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे बरेच मराठी लोक आता शिकारीचा परवाना काढतात. त्यातल्या काहींना आधुनिक रायफलपेक्षा ठासणीच्या बंदुकीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीची ओढ वाटते. पेनसिल्व्हेनियात तर नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांचा वेगळा हंगामच सुरू होतो. या मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आधी अंतर ठरवा, मग गोळी, आणि दारूचं माप सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि मग जखमी हरणामागे रात्रभर फिरतात.

हे महाराष्ट्रात चालतं का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद आहे. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, पण तो हरणं मारण्याचा परवाना नव्हे. खाली जे लिहिलं आहे ते अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल, मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे.

मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मला अशी बंदूक बाळगता येते का?

१९६८ च्या संघीय बंदूक कायद्यानुसार, काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस घेऊ न शकणारी ठासणीची बंदूक पुरातन शस्त्रांत मोडते, म्हणजे त्या कायद्याच्या अर्थाने ती बंदूक ठरत नाही. पण दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, ज्या बंदुकीची नळी बदलून काडतुसाची नळी बसवता येते, तिला ही सवलत लागू होत नाही. दोन, राज्यांचे कायदे वेगळे असतात. न्यू जर्सीसारखं राज्य नव्या बनावटीच्या ठासणीच्या बंदुकीलाही बंदूकच मानतं. तुमच्या व्हिसाचा प्रश्न पणाला लागलेला असताना दुकानदाराच्या किंवा मित्राच्या शब्दावर जाऊ नका. वकिलाला विचारा, आणि विकत घेण्याआधी विचारा.

शिकारीचा परवाना आणि त्याआधीचं सुरक्षा प्रशिक्षण हे अर्थातच वेगळं. ते चुकवू नका, त्यातला शूटिंगचा भाग तर नीट लक्ष देऊन करा.

हरणासाठी कुठलं कॅलिबर घ्यावं?

.५० किंवा .५४ (कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास, इंचांत). नवीन माणसाला मी .५० सांगतो, कारण गोळ्या, चिंध्या (गोळीभोवती गुंडाळायचं कापड), गजाची (ठासायच्या काठीची) टोकं, सगळं सहज मिळतं. ज्याला फक्त गोल गोळीच वापरायची आहे आणि पुढेमागे मोठं जनावरही करायचं आहे, त्याने सरळ .५४ घ्यावं.

कारण भूमितीचं आहे. गोल गोळी लांब करता येत नाही. तिचं वजन वाढवायचं तर व्यासच वाढवावा लागतो, आणि वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. .४५ च्या नळीत जाणारी .४४० ची गोळी साधारण १२८ ग्रेन भरते. .५० मधली .४९० ची गोळी १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. .५४ मधली .५३० ची गोळी २२४ ग्रेन, साडेचौदा ग्रॅम. .५० वरून .५४ वर जाताना व्यास जेमतेम आठ टक्के वाढला, पण वजन सव्वापट झालं. .५८ मधली .५७० ची गोळी तर २७९ ग्रेनपर्यंत जाते.

.४५ ने हरीण पडत नाही असं नाही. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागातल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी ज्या लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्यातल्या कितीतरी लहान कॅलिबरच्या होत्या. शिसं आणि दारू दोन्ही महाग, आणि जंगलात पाठीवर वाहून न्यायची. पण .४५ ला अंतर कमी ठेवावं लागतं आणि नेम अगदी जागचा लागतो. पहिल्या हंगामाला ती जोखीम कशाला घ्यायची?

राज्याचा किमान नियम मात्र आधी वाचा. पेनसिल्व्हेनियाच्या चकमकीच्या हंगामात लांब बंदुकीला किमान .४४ लागतं. कोलोराडोत हरणाला किमान .४० चालतं, पण .४० ते .५० पर्यंत गोळी निदान १७० ग्रेनची हवी. म्हणजे .४५ ची बंदूक नियमात बसते आणि तिची गोल गोळी बसत नाही! अशी गंमत बऱ्याच राज्यांच्या नियमांत दडलेली असते, म्हणून दरवर्षीची नवी पुस्तिका वाचायचीच.

गोळी नळीपेक्षा लहान का घ्यायची?

कारण आट्यांना, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, गोळी धरत नाही, चिंधी धरते. तेल लावलेली सुती चिंधी गोळीभोवती गुंडाळून खाली जाते, आट्यांत दाबून बसते, गोळीला फिरवते आणि मागचा वायू अडवते. नळीबाहेर पडली की ती गळून पडते.

.५० साठी .४९० ची गोळी आणि .०१५ ते .०१८ इंच जाडीची चिंधी ही सुरुवातीची जोडी. अंगठ्याच्या दाबाने आत गेली तर सैल आहे. हातोडी शोधावी लागली तर घट्ट. आखूड दट्ट्याने एक ठोका देऊन तोंडातून आत आणि मग गजाने एका सलग दाबात खाली, असं बसायला हवं. कापड शंभर टक्के सुती आणि घट्ट विणीचं घ्या, गादीच्या खोळीला वापरतात तसं. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड नळीत वितळतं.

चिंधीला रेंजवर थुंकी लावली तरी चालते, जुने लोक तेच करतात. शिकारीत नको. बंदूक चार-सहा तास भरलेली राहते. थुंकी वाळते, नळीला गंज धरतो, आणि ओल दारूपर्यंत गेली तर बार फुसका जातो. मेणात चरबी किंवा ऑलिव्ह तेल मिसळलेलं वंगण बरं. पातळ तेलाने निथळणारी चिंधीही नको, ते तेलही दारूतच उतरतं.

शिसं कुठलंही चालेल का?

मऊ, शुद्ध शिसंच हवं. गाडीच्या चाकांच्या वजनांचं शिसं कडक असतं. त्याची गोळी साच्यातून किंचित मोठी आणि हलकी निघते, ठासताना त्रास देते आणि हरणाच्या अंगात पसरत नाही. नख दाबून ओरखडा उठला तर शिसं मऊ आहे.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही. तिथे बिस्मथचा पर्याय आहे, पण तो ठिसूळ असतो. जोरात ठोकू नका.

नळीच्या पिळाचा काय संबंध?

खूप. गोल गोळीला मंद पीळ मानवतो: ६० ते ७० इंचांत एक फेरा. लायमन कंपनीच्या ग्रेट प्लेन्स रायफलचा पीळ ६० इंचांत एक होता, आणि ती गोल गोळीसाठी का नावाजली गेली ते त्यावरून कळतं. २८ इंचांत एक फेऱ्याच्या नळ्या लांबट गोळ्यांसाठी असतात. त्यात जास्त दारूवर गोल गोळी टाकली तर ती आटे सोडून घसरते आणि नेम विस्कटतो.

४८ इंचांचा पीळ मधला. थॉम्पसन सेंटर कंपनीने १९७० मध्ये आपली हॉकेन रायफल आणली ती याच पिळाची, आणि आजही सेकंडहँड बाजारात तीच सगळ्यात जास्त दिसते. तिच्यात गोल गोळी छान चालते, फक्त आटे उथळ असल्यामुळे चिंधी घट्ट हवी आणि दारू बेताची.

बरं, मग दारू किती घालायची?

.४५ ला ६० ते ७० ग्रेन, .५० ला ७० ते ९०, .५४ ला ८० ते १००. हरणासाठी एवढं पुरतं. हे आकडे काळ्या दारूचे आणि मापाने मोजलेले आहेत. तुमच्या बंदुकीच्या कंपनीने पुस्तिकेत जी कमाल मर्यादा दिली असेल ती यापेक्षा कमी असली तर ती अंतिम. जुन्या, ओळख नसलेल्या बंदुकीत काहीही घालण्याआधी ती ठासणीच्या बंदुकांच्या जाणकार कारागिराला दाखवा.

एक ठोकताळा वापरण्याजोगा आहे: नळीच्या पोकळीच्या दर घन इंचाला साडेअकरा ग्रेन दारू चांगली जळते, त्यापुढची बरीचशी वाया जाते. .५० ची ३२ इंची नळी घेतली तर पोकळी साधारण ६.३ घन इंच, म्हणजे ७२ ग्रेन. तीच नळी २८ इंची असेल तर ६३. .५४ च्या ३२ इंची नळीला ८४. अनुभवी लोकांची शिकारीची मापं याच आकड्यांच्या आसपास येऊन थांबतात.

आणि धूरविरहित दारू, म्हणजे आधुनिक काडतुसांतली, चिमूटभरही नाही. काळ्या दारूसाठी बनवलेली नळी तिच्या दाबाने फुटते आणि माणसाचा हात, डोळा, जीव जातो. यात मधला मार्ग नाही.

जास्त दारू घातली तर हरीण लवकर पडेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

गोल गोळी हवेत फार लवकर दमते. .५० ची गोळी सेकंदाला १९०० फूट वेगाने निघाली तरी ५० यार्डांवर ती साधारण १४५० वर येते आणि १०० यार्डांवर ११०० च्या आसपास. निघताना १४०० फूट-पौंड असलेली ऊर्जा १०० यार्डांवर जेमतेम ५०० उरते. आता ७० च्या जागी ११० ग्रेन दारू घाला. नळीच्या तोंडाशी वेग बराच वाढतो, पण वेगवान गोळीला हवा जास्त अडवते, त्यामुळे १०० यार्डांपर्यंत त्या वाढीतलं थोडंच शिल्लक राहतं. खांद्याला धक्का मात्र पूर्ण बसतो, चिंधी जळते, आणि तीन इंचांत बसणाऱ्या गोळ्या आठ इंचांत पसरतात.

हरणाला ऊर्जेचा आकडा कळत नाही. अर्धा इंच व्यासाचं मऊ शिसं दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं की ते पडतं, मग ते १६०० ने गेलं काय आणि १३०० ने गेलं काय. गोल गोळीची ताकद तिच्या जाडीत आणि मऊपणात आहे. ती .५० ची असली तरी आत शिरल्यावर चपटी होऊन आणखी रुंद होते. त्यामुळे ७५ ग्रेनवर गोळ्या जवळजवळ बसत असतील आणि ९५ वर पसरत असतील, तर ७५ च घ्या. मन खट्टू करून घेऊ नका.

टू-एफ की थ्री-एफ?

एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळणं वेगवान. .४५ पर्यंत थ्री-एफ, .५४ पासून वर टू-एफ, आणि .५० ला दोन्ही चालतात. टू-एफवरून थ्री-एफवर जाताना माप दहा-पंधरा टक्के खाली आणा. फोर-एफ फक्त रंजकासाठी (चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या पात्रात घालायची पेटवणीची दारू), नळीत कधीही नाही.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन या काळ्या दारूच्या पर्यायांचं काय?

टोपीच्या बंदुकीत (जिथे चकमकीऐवजी छोट्या स्फोटक टोपीने बार पेटतो) चालतात, पण माप आकारमानाने घ्या, वजनाने नाही. पायरोडेक्स वजनाला हलकी असते. काट्यावर ७० ग्रेन तोलून घातलीत तर ती खरं तर बरीच जास्त भरते. ट्रिपल सेव्हन जोरकस आहे, काळ्या दारूच्या मापापेक्षा १५ टक्के कमी घ्या.

चकमकीच्या बंदुकीत मात्र खरी काळी दारूच हवी. या पर्यायी दारूंना पेटायला जास्त उष्णता लागते. रंजक भडकतो, धूर होतो, आणि आतला बार उडतच नाही.

माझ्या बंदुकीचं नेमकं माप कसं शोधू?

.५० असेल तर ५० ग्रेनपासून सुरुवात करा. टेकू घेऊन ५० यार्डांवर तीन गोळ्या. मग ५५, ६०, असं पाच-पाचने वर. एका वेळी एकच गोष्ट बदला: दारू बदलत असाल तर चिंधी तीच, चिंधी बदलत असाल तर दारू तीच. प्रत्येक बारानंतर ओलसर कापड एकदा नळीत फिरवा, नाहीतर पाचव्या गोळीपर्यंत नळीत इतकी काजळी साठते की तुम्ही बंदूक तपासताय की काजळी, हे कळत नाही.

आणि चिंध्या गोळा करा. नळीपुढे दहा-पंधरा यार्डांत पडलेल्या असतात. निशाणावरच्या भोकांपेक्षा त्या जास्त बोलतात. चांगली चिंधी उलगडून पाहिली तर मधोमध गोळी बसलेली जागा स्वच्छ आणि फिकट, तिच्याभोवती आट्यांच्या ठशांचं काळं कडं, कडा थोड्या उसवलेल्या. जवळजवळ पुन्हा वापरता येईल अशी. मधलं कापड जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी आहे किंवा चिंधी पातळ आहे, वायू बाजूने निसटतोय. कड्यावर ब्लेडने कापल्यासारख्या सरळ चिरा असतील तर नळीचं तोंड धारदार आहे. नव्या बंदुकीत हे नेहमीचं. बारीक पॉलिश कागद अंगठ्याने तोंडावर फिरवून धार मोडता येते, पण तोंडाला धक्का लागला तर नेम जातो, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडून करून घेतलेलं बरं. नुसत्या लोंब्या हातात आल्या तर जोडीच चुकली आहे, जाड चिंधीने पुन्हा सुरू करा.

माप सापडलं की गज आत असताना नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा. ही खूण तुमचा जीव वाचवते. गोळी दारूला टेकलेली असलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. खूण तोंडाच्या वर राहिली तर बार काढायचा नाही, आधी गोळी पूर्ण खाली बसवायची. खूण फारच वर दिसली तर आत आधीची गोळी असू शकते.

किती अंतरापर्यंत मारावं?

उघड्या माशीने (दुर्बिणीशिवाय) .५० ला ७५ यार्ड, .५४ ला १००. ही बंदुकीची मर्यादा झाली. तुमची मर्यादा वेगळी: टेकू न घेता, थंडीतले जाड कपडे घालून, पाचही गोळ्या सहा इंची ताटलीत जिथपर्यंत बसतात, तेवढंच तुमचं अंतर. ते ४० यार्ड निघालं तर ४०.

५० यार्डांवर गोळी नेमापेक्षा एक इंच वर बसेल अशी माशी लावली, तर ७५ ला ती नेमावर येते आणि १०० ला दोन-तीन इंच खाली. हे साधारण गणित आहे, तुमच्या बंदुकीवर कागदावर तपासून घ्या. वाऱ्याचा मात्र धाक ठेवा: ताशी दहा मैलांचा आडवा वारा १०० यार्डांवर गोल गोळीला चांगली वीतभर बाजूला नेतो.

नेम कुठे धरायचा, आणि बार झाल्यावर काय?

हरीण आडवं उभं असेल तेव्हाच. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून, मागून, पळताना, मानेवर: गोल गोळीने नाही.

बार झाला की धुरात काही दिसत नाही. तरी जिथे हरीण उभं होतं ती जागा एखाद्या झाडाच्या आधाराने मनात पक्की करा, आणि हलायच्या आधी बंदूक पुन्हा भरा. मग निदान अर्धा तास थांबा. गोल गोळी नेहमी आरपार जात नाही, गेली तरी रक्ताचा माग सुरुवातीला बारीक असतो. लगेच मागे धावलात तर जे हरीण ६० यार्डांवर पडणार होतं ते उठून मैलभर जातं.

बर्फात, पावसात चकमक पेटेल का?

नीट काळजी घेतली तर पेटते. रंजकपात्र थोडंच भरा, कानाच्या (पात्रातून नळीत आग नेणाऱ्या बारीक भोकाच्या) खालीच राहील इतकं. कानात दारू तुंबली तर ती वातीसारखी हळू जळत आत जाते आणि बार उशिरा होतो. पात्राच्या कडेला मेण चोळा. खटक्यावर चामड्याचं झाकण बांधा. ओलसर दिवशी रंजक तासा-अर्ध्या तासाने पुसून नवा घाला, तो राखाडी आणि चिकट दिसायला लागला की संपला. चकमकीची धार गेली असेल तर ठिणग्या पिवळट आणि मोजक्या पडतात. चांगल्या ठिणग्या पांढऱ्या आणि भरपूर असतात.

बाहेरच्या थंडीतून बंदूक गरम घरात आणू नका. नळीच्या आत दव धरतं. ती बाहेरच, कुलपात, रंजक किंवा टोपी काढून ठेवा. गाडीत नेताना भरलेली बंदूक कशाला म्हणतात याचीही व्याख्या राज्यागणिक बदलते.

चाप ओढला आणि बार झालाच नाही तर?

नळी निशाणाच्या दिशेने तशीच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. आत ठिणगी धुमसत असू शकते. मग कान साफ करून नवा रंजक घाला. याच कारणाने दारू शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, आधी मापात आणि मग नळीत. शिल्लक निखाऱ्याने मापातली दारू पेटली तर बोट भाजेल. शिंगातली पेटली तर हातबॉम्ब होतो. नळीत तोंडाने फुंकायची जुनी सवय कुणी दाखवली तरी उचलू नका.

दारू भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून विमानाने आणता येते का?

नाही. काळी दारू, तिचे पर्याय आणि टोप्या हे सगळं विमानात, हातातल्या बॅगेत आणि चेक-इनमध्येही, मना आहे. जिथे शिकार करणार तिथे विकत घ्या. आधी फोन करा, कारण खरी काळी दारू सगळ्या दुकानांत नसते. नवा डबा वेगळ्या कंपनीचा असेल तर मागचं माप तसंच धरू नका, तीन गोळ्या कागदावर मारून पाहा.

साफसफाई कधी?

त्याच संध्याकाळी. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि एका रात्रीत नळी तांबूस करते. कोमट पाणी आणि साधा साबण पुरेसा आहे. कापड पांढरं निघेपर्यंत, मग कोरडं, मग तेलाचा हलका हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडं कापड फिरवून बघा. आणि हंगामाच्या सकाळी ठासण्याआधी ते तेल पूर्ण पुसून काढा, रिकाम्या नळीत एक टोपी उडवून किंवा नुसता रंजक पेटवून कान मोकळा असल्याची खात्री करा. पहिला बार फुसका जाण्याचं सगळ्यात मोठं कारण नळीत राहिलेलं हेच तेल असतं.